वर पोचलास तर लिफ्ट माझी

सोफे दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळं गाव तक्क्या म्हणायचं. अंगानं गोल, स्वभावानं मऊ आणि जिथे टेकवाल तिथे तासन्‌तास राहणारा, त्यामुळे नाव त्याला चपखल बसलं होतं. दुकानात फोमचे तुकडे, स्प्रिंगा आणि रेक्झिनच्या गुंडाळ्या यांच्या मधोमध त्याची एक रुंद खुर्ची होती. त्या खुर्चीत बसून तो शिवायचा, तिच्यातच जेवायचा आणि दुपारी तिच्यातच डुलकी काढायचा. "गिऱ्हाइकाला सोफा किती आरामशीर होईल ते सांगावं लागत नाही," तो म्हणायचा, "माझ्याकडे बघितलं की कळतं."

डॉक्टरांनी त्याला चालायला सांगून जमाना झाला होता. रक्तातली साखर वाढत होती. "चालायला हवं, अगदी बरोबर," असं तो दर भेटीत मनापासून कबूल करायचा आणि दवाखान्याच्या दारातून गाडीत बसून घरी यायचा.

त्या संध्याकाळी तो केकवाल्याच्या दुकानात उभा होता. शेजारी त्याचा शाळेपासूनचा दोस्त फरशीवाला. फरशीवाल्याचं दुकान मोठं, आवाज त्याहून मोठा आणि पोट तक्क्याच्या तोडीचं, पण चांगल्या शिंप्यामुळे झाकलेलं. दोघांच्या हातात क्रीमरोल होते. तेवढ्यात शाळेत कवायत शिकवणाऱ्या ड्रिलबाई आत आल्या. गळ्यात शिट्टी होतीच. ती काढून ठेवलेली कुणी पाहिली नव्हती.

बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की वृद्धाश्रमात लिफ्ट नाही, वरच्या मजल्यावरची म्हातारी माणसं जिन्यापायी खाली येऊच शकत नाहीत, म्हणून गावामागच्या टेकडीवर चढण्याचा कार्यक्रम ठरवलाय. चढणारा वर पाण्याच्या टाकीपर्यंत पोचला, तर त्याच्यावर ज्यांनी रक्कम लावली असेल त्यांनी ती लिफ्टसाठी द्यायची. लिफ्ट होईल आणि चढणाऱ्यांची चरबीही उतरेल.

फरशीवाल्याला गंमत सुचली. "बाई, या तक्क्याचं नाव घाला! हा टाकीपर्यंत पोचला ना, तर अख्खी लिफ्ट मी बसवतो. दारासकट!"

दुकान हसलं. तक्क्याला लगेच 'नाही' म्हणायचं होतं, पण तोंडात अर्धा क्रीमरोल होता.

बाईंनी शिट्टी फुंकली. "सगळ्यांनी ऐकलं?"

"ऐकलं!" केकवाला म्हणाला. गिऱ्हाइकाला पाव देताना त्यानं एवढी चपळाई कधी दाखवली नव्हती.

तक्क्याचं तोंड रिकामं होईपर्यंत त्याचं नाव नक्की झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तो वृद्धाश्रमात गेला. तिथे दुसऱ्या मजल्यावर त्याची मावशी राहायची. त्यानं तिला आपल्या घरी ये म्हणून खूप सांगितलं होतं, पण "तुझ्या घरी सगळे सोफ्यात रुततात, मला उठवणार कोण?" म्हणून ती आश्रमात गेली होती. खालच्या खोल्या भरलेल्या होत्या, म्हणून वर जागा मिळाली, आणि गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ती वरच अडकली होती.

दोन जिने चढून तक्क्या खोलीत शिरला तेव्हा त्याला बोलता येईना. मावशीनं त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, "हं. आणि हा टेकडी चढणार."

"तेच सांगायला आलोय. मी नाही म्हणणार आहे. चारचौघांत हसं होईल, मावशी."

मावशीनं खिडकीतून खाली बोट दाखवलं. बागेत निळ्या स्वेटरातली एक बाई चार जणांना काहीतरी रंगवून सांगत होती. "ती बघ. तळमजल्यावर राहते. रोज सगळ्यांना सांगते, वरच्या मावशी फार शांत आहेत, कुणाशी बोलत नाहीत. माझ्याबद्दल असं! मला एकदा खाली जाऊन तिचा गैरसमज दूर करायचाय. दुसरं काही मागत नाही मी तुझ्याकडे."

तक्क्यानं खाली पाहिलं, मग मावशीकडे पाहिलं. लहानपणी या बाईनं त्याच्यासाठी अख्ख्या गल्लीशी भांडणं केली होती. तिला शांत म्हणणं म्हणजे अन्यायच होता.

"चढतो," तो म्हणाला.

बाई पहाटे दारात उभ्या राहू लागल्या. पहिल्या दिवशी तक्क्या टेकडीच्या पहिल्या वळणावर पोचला आणि एका दगडावर बसला. दगडावरून हात फिरवत म्हणाला, "बैठक चांगली आहे. पाठीला आधार असता तर..."

"उठा," बाई म्हणाल्या.

"बाई, जीव जाईल."

"जाऊ दे, पण वरच्या दिशेनं जाऊ दे."

घरी बायकोनं स्वयंपाकघराचा ताबा नव्यानं घेतला. ताटात उकडलेला भोपळा येऊ लागला. तक्क्यानं विचारलं, "अगं, याला चव कशाची आहे?"

"तब्येतीची," बायको म्हणाली. स्वतःही तोच भोपळा खात होती. तो बाहेरून आला की ती आधी त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. एकदा क्रीमचा वास आला, तर दोन दिवस भोपळ्याशिवाय काही नाही आणि बोलणंही नाही. भोपळा त्याला सोसला, अबोला सोसला नाही.

वाटेत पोस्टमन भेटायचा. तोही चढणार होता आणि फार दुखावलेला होता. "माझ्यावर कुणी रक्कम लावायलाच तयार नाही हो," तो म्हणाला. "सगळे म्हणतात, तू काय, पोचणारच! मग आमचे पैसे जाणारच! आणि तुमच्यावर बघा, जो तो लावतोय. जन्मभर चाललो त्याची ही शिक्षा."

तेव्हा कुठे तक्क्याला उमगलं की गाव त्याच्यावर खूश होऊन नाही, निर्धास्त होऊन उदार झालंय. त्याला राग आला. रागाच्या भरात तो त्या दिवशी तिसरं वळण ओलांडून गेला, आणि बाईंची शिट्टी वाजायची राहिली.

हळूहळू दम कमी लागायला लागला. पँट कमरेवरून घसरू लागली, तेव्हा त्यानं ती सोफ्याच्या जाड दोऱ्यानं आत घेतली. ती पँट फरशीवाल्यानं पाहिली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

दुसऱ्याच दिवसापासून तक्क्याच्या दुकानात रोज पेस्ट्रीचा डबा येऊ लागला, "जुन्या दोस्ताकडून". तक्क्यानं झाकण उघडायच्या आत बायको डबा उचलायची आणि वृद्धाश्रमात पाठवून द्यायची. मावशीचा निरोप आला की सराव आणखी दोन-तीन महिने चालला तरी आश्रमाची काही हरकत नाही.

मग फरशीवाल्याकडून तीन सोफे आले. तिन्ही तातडीचे. हेतू हा, की तक्क्यानं दिवसभर खुर्चीत बसून राहावं. पण तक्क्याला आता फार वेळ बसवेना, पाय वळवळायचे. त्यानं तिन्ही सोफे उभ्यानं शिवले.

शेवटी फरशीवाला स्वतः आला. सोफ्यावर बसून इकडचं तिकडचं बोलला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "चढताना पाय मुरगळतात रे माणसांचे."

"मुरगळतात."

"चांगल्या चांगल्यांचे मुरगळतात. त्यात कमीपणा काही नाही." तो पुढे सरकला. "पाचव्या वळणावर मुरगळू दे की एकदा! अरे, तोंडातून गेलं माझ्या. लिफ्ट म्हणजे काय खेळणं आहे का? बायकोला अजून सांगितलं नाही मी. तिला वाटतंय मी नुसतं दार देणार आहे."

तक्क्या सुईत दोरा ओवत राहिला. फरशीवाल्यानं तो होकार समजला आणि पाठीवर थाप मारून गेला. खरं सांगायचं तर तो होकार होता की नकार, हे तक्क्यालाही ठाऊक नव्हतं. गुडघा दुखत होता. मान राखून माघार घ्यायची वाट दोस्तानं आयती काढून दिली होती. आणि खिडकीत उभी असलेली मावशी डोळ्यांपुढून हटत नव्हती.

कार्यक्रमाच्या सकाळी पायथ्याशी गर्दी जमली. बाईंनी शिट्टी वाजवली आणि पोस्टमन बाणासारखा सुटला. तक्क्या आपल्या गतीनं निघाला, तर बाजूला फरशीवाला हजर! पायात ऑफिसचे चकचकीत बूट, हातात पेस्ट्रीचा डबा. बाकीची गर्दी हसत गाड्यांत बसली आणि मागच्या रस्त्यानं टाकीकडे निघाली.

"तू कशाला?"

"सोबत. पाय मुरगळला तर धरायला कुणी नको का?"

पहिल्या वळणावर फरशीवाल्यानं विचारलं, "इथं मुरगळतोय का?"

"अजून नाही."

दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच. मग विषय शाळेवर गेला. गणिताच्या मास्तरांच्या खुर्चीला खळ कुणी लावली यावर त्यांचा जुना वाद होता, तो तिसऱ्या वळणावर पेटला आणि चौथ्या वळणापर्यंत पुरला. फरशीवाला घामानं निथळत होता, बूट चावत होते, पण वाद अर्ध्यावर सोडून मागे फिरणं त्याच्या स्वभावात नव्हतं. पाचवं वळण आलं आणि गेलं, दोघांच्याही लक्षात आलं नाही.

शेवटच्या वळणाच्या अलीकडे मात्र चढ अंगावर आला. वरची पाण्याची टाकी दिसत होती, लोकांचा गलका ऐकू येत होता, आणि तक्क्याचे पाय शिशाचे झाले. तो रस्त्याच्या कडेला मटकन बसला. नाटक नव्हतं, खरंच संपलं होतं.

"बस," तो म्हणाला. "माझ्याच्यानं होत नाही. वाचली तुझी लिफ्ट."

फरशीवाला त्याच्या शेजारी कोसळला. धापा टाकत, पण आनंदानं. "शाबास! खूप केलंस. आता खा." त्यानं डबा उघडला.

तक्क्यानं पेस्ट्रीकडे पाहिलं. इतक्या दिवसांनी ती हाताशी होती आणि त्याला खावीशी वाटेना. डोळ्यांत पाणी यायला लागलं, म्हणून तो दुसरीकडे बघू लागला.

तेवढ्यात वरून पोस्टमन उतरत आला. तो केव्हाच पोचला होता. मागे राहिलेल्यांना बघायला बाईंनी त्याला पाठवलं होतं. तक्क्याच्या शेजारी कोण आहे हे पाहून तो थबकला.

"शेठ, तुम्ही? इथपर्यंत? पायी? कमाल झाली! वर सगळे म्हणतायत, तक्क्याचं सांगता येत नाही, पण फरशीवाला दुसऱ्या वळणावरूनच परत गेला असणार."

फरशीवाल्याचा हात डब्यावर थांबला. "कोण म्हणतंय?"

"सगळेच. तुमच्या बायकोनं तर केकवाल्याशी पैज लावलीय."

"माझ्यावर?"

"तुमच्याविरुद्ध."

फरशीवाला उठून उभा राहिला. लाल झाला, पांढरा झाला, पुन्हा लाल झाला. मग तक्क्याचा दंड धरला. "ऊठ."

"अरे, पण पाय..."

"ऊठ म्हणतो ना! माझी बायको माझ्याविरुद्ध पैज लावते! एकटा वर गेलो तर म्हणतील गाडीतून आला. तू साक्षीदार आहेस."

"आणि लिफ्टचं काय?"

"लिफ्ट गेली खड्ड्यात!"

"लिफ्ट खड्ड्यातच बसवतात, शेठ," पोस्टमन म्हणाला. पेस्ट्री वाया जाऊ नये म्हणून एव्हाना डबा त्यानं आपल्याकडे घेतला होता.

तक्क्याला हसू आलं. हसता हसता तो उभा राहिला. का कोण जाणे, हसल्यावर छातीवरचं ओझं थोडं उतरलं. दोघे एकमेकांच्या खांद्यात हात घालून चढू लागले. एक थांबला की दुसरा शिवी द्यायचा, दुसरा थांबला की पहिला. कोण कुणाला ओढतोय हे पाहणाऱ्यांना कळत नव्हतं. शेवटच्या टप्प्यात तर दोघेही ओणवे झाले होते, पण थांबले नाहीत, आणि दोघांनी एकदमच टाकीच्या भिंतीला हात लावला.

बाईंनी अशी शिट्टी फुंकली की टाकीवरची कबुतरं उडाली. तक्क्याची बायको गर्दीतून पुढे आली. सवयीनं तिनं आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला, मग सगळ्यांसमोर त्याचा घाम पदरानं पुसला. फरशीवाल्याची बायको नवऱ्याकडे बघतच राहिली. "अहो, तुम्ही?" एवढंच म्हणाली, पण ज्या सुरात म्हणाली तो सूर फरशीवाल्यानं लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर ऐकला नव्हता. त्याला भरून आलं. बाईंनी माईक पुढे केला आणि तो त्यात ओरडला, "लिफ्ट बसणार! आणि तिच्यात फरशीही माझीच!"

खाली उतरल्यावर त्याला आपण काय बोललो ते आठवलं, पण तेव्हा पायांची अवस्था अशी होती की पश्चात्तापाला जागा नव्हती. नंतर त्यानं स्वस्तातली लिफ्ट शोधून पाहिली, दारं कमी करता येतील का तेही विचारलं. बाई दर वेळी शिट्टी घेऊन शेजारी उभ्या असायच्या. लिफ्ट झाली, आणि चांगली झाली. तक्क्यावर निर्धास्तपणे रकमा लावणाऱ्यांनी कुरकुरत पैसे दिले. त्यातून विजेच्या बिलाची सोय झाली.

मावशी पहिल्याच दिवशी खाली आली आणि निळ्या स्वेटरवालीसमोर बसली. पाव तासात बागेतल्या कुणाच्याही मनात मावशी शांत असल्याचा गैरसमज उरला नाही. आता त्या दोघी रोज भांडतात. एखाद्या दिवशी एकजण आली नाही तर दुसरी लिफ्टनं वर जाऊन बघून येते.

तक्क्या काही बारीक झाला नाही. गोलच आहे, फक्त जरा घट्ट झालाय. डॉक्टरांनी रक्ताची तपासणी दोनदा करून घेतली. पहिल्या वेळी त्यांना वाटलं नमुने बदलले. दर सकाळी तो आणि फरशीवाला टेकडीवर जातात. फरशीवाल्यानं नवे कापडी बूट घेतलेत. तो चढताना धंद्यापासून राजकारणापर्यंत अखंड बोलतो आणि मग दम लागला की थांबतो. चढावर बोललं की धाप लागते, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. तक्क्या सांगणारही नाही. त्यालाही थांबायचंच असतं.