खारूताई झोपते तिथेच पुस्तक संपतं

आमची ठमी सात वर्षांची. हृदयाला बारीक छिद्र. त्या दुपारी दवाखान्यात भरती व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. किती समजावलं तरी तिचं रडं थांबेना, म्हणून मी खारूताईचं पुस्तक करायला घेतलं होतं. खारूताई पिशवी भरते, दवाखान्यात शिरते, डॉक्टर तपासतात, टेबलावर झोपते. मग जागी होते, पाणी पिते, घरी येते, झाडावर चढते. दोन मोठे कागद घेतले, प्रत्येक मधोमध दुमडला. पहिल्याच्या चार पानांवर पहिली चार चित्रं, दुसऱ्यावर पुढची चार, म्हणजे एकामागे एक लागतील. खारूताईची ती मेली शेपटी काढताना मी अगदी मेटाकुटीला आले.

शिवायचं काम ह्यांचं. हे बाइंडर, दुमडलेला कागद दिसला की दुसऱ्याच्या पोटात घालायचा, हाताला तीच सवय. दुसरा कागद पहिल्याच्या पोटात घालून शिवलं, पुठ्ठा चिकटवला, रात्रभर वजनाखाली ठेवलं.

भरतीच्या दिवशी सकाळी उघडून बघते तर काय, खारूताई दवाखान्यात शिरते ती थेट जागीच होते. पाणी पिऊन, घरी येऊन झाडावरसुद्धा चढते आणि मग डॉक्टर तिला तपासतात. शेवटच्या पानावर टेबलावर झोपलेली. पुढे नुसता पुठ्ठा.

ह्यांना म्हटलं, चित्रं बघून शिवता येत नव्हतं? तर हे म्हणाले, काढायच्या आधी मला विचारायचंस ना. दोघांनी आपापलं काम नीट केलेलं, मग चुकलं कोण? डोकंच चालेना. उसवावं तर डिंक वाळलेला, पानं फाटली असती.

शेवटी पुठ्ठ्याच्या आतल्या कोऱ्या कागदावर जागी झालेली खारूताई काढायला बसले. डोळे उघडे की किलकिले? हसते का? मीच काढलेलं चित्र मागच्या पानावर होतं, नुसतं बघून उतरवायचं, तेही जमेना. मला भीती वाटत होती, दुसरं काय.

तेवढ्यात ठमी आली. पुस्तक ओढून घेतलं, पानं उलटली, पुन्हा उलटली.

"आई, तुझा काहीतरी घोळ झालाय. ही शेवटी झोपलीच."

पुढचं काढतेच आहे, असं काहीतरी पुटपुटले. तिनं माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"हे कोरंच ठेव. मी उठले की काढीन."

ह्यांनी तोंड फिरवलं. मी पेन्सिलीला टोक केलं आणि ती दवाखान्याच्या पिशवीत ठेवली.