दोन चिठ्ठ्या

एकतीस वर्षं मी प्रोस्टेट तपासतोय. हातमोजा, जेली, बोट, दहा सेकंद, पुढचा पेशंट. आताशा इतका कंटाळलोय की बोट आत असतं आणि डोकं दुपारच्या मीटिंगमध्ये.

त्या दिवशी तेविसावा पेशंट माझा थोरला भाऊ होता. दादा दरवर्षी येतो आणि कुशीवर वळताना दरवर्षी तोच विनोद करतो, "लहानपणी तुझं मी धुतलं, आता तू फेड." मी हसलो नाही. आमच्याकडे चार महिन्यांपूर्वी लागलेली डॉक्टरीण मात्र तोंड फिरवून हसली.

आमच्याकडे एक पद्धत आहे, मीच पाडलेली. दोघांनी तपासायचं, न बोलता आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं, मग चिठ्ठ्या शेजारी ठेवायच्या. जुळल्या नाहीत तर सुईने तुकडा काढून तपासायला पाठवायचा. नवख्यांचा हात तयार व्हावा म्हणून हे सगळं. मला कोण शिकवणार?

माझी चिठ्ठी: मऊ, दोन्ही बाजू सारख्या. तिची: डावीकडे वाटाण्याएवढा कठीण भाग.

"पहिल्या चार महिन्यांत हाताला सगळंच कठीण लागतं," मी म्हणालो. "रक्ताचा रिपोर्टही ठीक आहे. उगाच म्हाताऱ्या माणसाला सुया कशाला टोचायच्या?"

तिचे कान लाल झाले, पण चिठ्ठी काही तिने उचलली नाही. "सर, तुम्ही जुनी फाइल वाचून तपासलंत. मी वाचली नव्हती."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण फाइल समोर उघडीच होती. चार वर्षांच्या चार ओळी, माझ्याच अक्षरात, शब्दन्‌शब्द त्याच.

"तू नाही म्हणतोस ना, मग नाही," दादा पँट चढवत म्हणाला. त्याचा माझ्यावर डोळे झाकून विश्वास. मला भीतीच वाटली.

"दादा, परत आडवा हो."

या वेळी घाई केली नाही. तिने लिहिलं होतं तिथंच होतं ते. काल-परवाचं नव्हतं.

दहा दिवसांनी तुकड्याचा रिपोर्ट आला, कॅन्सर. स्कॅनमध्ये बाहेर पसरलेला दिसला नाही, एवढंच नशीब.

"बघ, तुझ्या हाताला यश आहे," दादा सोबत आलेल्या वहिनीला ऐकू जाईल असं म्हणाला. "वेळेत सापडलं." वहिनीने मान डोलावली. गप्प बसलो असतो तर खपून गेलं असतं. डॉक्टरीण शेजारी उभी होती, पण ती काही बोलणार नव्हती.

"मला नाही सापडलं, हिला सापडलं," मी म्हणालो. "मागच्या वर्षीही असणार. मी नीट बघितलंच नाही, तेच ते लिहीत गेलो."

वहिनीची मान थांबली. दादाने माझ्याकडे बघितलं. लहानपणी घालायचा तशा शिव्या घालेल म्हणून मी वाट बघत होतो.

"किती दमलायस रे तू," तो म्हणाला आणि डॉक्टरिणीकडे वळला. "पुढच्या वेळी तुम्हीच तपासा, ताई."