आजोबांवरचा शेंदूर

माझ्या आजोबांच्या पुतळ्याने जेवढं सोसलंय, तेवढं खुद्द आजोबांनीही सोसलं नसेल. गजाननराव लघाटे म्हणजे झाशीच्या नगरपालिकेचे एकेकाळचे अध्यक्ष. खंडेराव गेटच्या वस्तीत पहिला नळ त्यांनी आणला, म्हणून पुतळाही नळाशेजारीच. मूर्तिकाराने आधी त्यांना पेशवाई पगडी चढवली. आजोबा जन्मभर टोपी घालायचे! मग पगडी तासून टोपी केली. एका निवडणुकीत कुणी त्यांचा कोट रंगवला, पुढच्या निवडणुकीत विरोधकांनी त्यावर आपला रंग दिला. ट्रकने हात मोडला, तर नवा बसवला तो दुसऱ्यापेक्षा वीतभर लांब. तरी आजोबा उभेच.

यंदा रस्ता रुंद करायचं निघालं आणि पुतळा गोदामात न्यायचं ठरलं. गोदामात गेलेला पुतळा पुन्हा उजेड बघत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. अर्ज, विनंत्या, सगळं करून झालं.

"आत्या, टेन्शन मत लो," माझा भाचा स्वानंद म्हणाला. "आपण शेंदूर फासू. भगवान को कौन हटाएगा?"

मी त्याच्यावर खेकसले. पण शेंदूर कालवला मीच, आमच्या मारुतीला कालवतो तसा, तेल घालून.

युक्ती लागू पडली. क्रेनवाला हात जोडून माघारी गेला आणि आम्ही पेढे खाल्ले. पण आठवडाभरात आजोबांचे 'पानीवाले बाबा' झाले. घंटा आली, दानपेटी आली, कुठून तरी एक पुजारीही आला. एके सकाळी बघते तर तो त्यांच्या नावाच्या पाटीवर चकचकीत फरशी चिकटवत होता.

"पंडितजी, नाम क्यों ढक रहे हो?"

"नाम का क्या करना, माताजी? बाबा तो बाबा हैं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नळ सुरू झाला त्या दिवशी बायका आजोबांना ओवाळायला आल्या होत्या. तेव्हा ते गरजले होते, "मला ओवाळू नका, आधी तोटी बंद करायला शिका!" आमच्या घरात हे वाक्य अजून सांगतात. आणि त्याच माणसापुढे आता घंटा? पुतळा वाचवायच्या नादात आम्ही माणूसच पुसून टाकला होता.

घासलेट, फडकी, उलथनं आणि स्टूल घेऊन मी तिथे गेले.

"आत्या, लोग मारेंगे!" स्वानंद कळवळला.

"मारू देत."

भर बाजारात मी आजोबांचा चेहरा पुसायला लागले. पुजारी 'अनर्थ, अनर्थ' ओरडला, गर्दी जमली. ओली फरशी मी उलथन्याने उचकटली आणि स्टुलावरूनच ओरडले, "ये देवता नहीं हैं! मेरे दादाजी हैं. गजानन लघाटे. पढ़ लो!"

ठेकेदाराचा माणूस जवळच होता. तो हसत पुढे आला. "तो अब उठवा लें, माताजी? अब तो भगवान नहीं रहे."

माझ्याच हाताने मी त्याला वाट करून दिली होती. तासाभरात क्रेन आली. मी स्टुलावरून उतरले नाही, एवढंच माझ्या हातात होतं.

तेवढ्यात रामकली पुढे आली. नळापाशी हारफुलं विकणारी बाई. बाबांच्या कृपेने तिचा धंदा सध्या तेजीत होता. तिने आपला हंडा क्रेनच्या चाकापुढे ठेवला आणि शेजारी फतकल मारली.

"भगवान नइयाँ तो का भओ? पानी तो जेई ल्याए हते. पैलें हमें हटाओ."

देव नसले तरी पाणी यांनीच आणलं होतं, असं ती तिच्या बुंदेलीत सुनावत होती. तिच्यामागे एक बादली आली, मग कळशी, मग सगळी वस्तीच. क्रेनवाल्याने इंजिन बंद केलं.

संध्याकाळी क्रेन गेली. उद्या येईलही. येऊ दे. आजोबांचे कान अजून शेंदरी आहेत, पण पाटी लख्ख आहे आणि आम्ही तिथेच बसलोय.

गडबडीत एक बादली भरून वाहत होती. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "अरे, तोटी बंद करा!"

मी मराठीत ओरडले होते, तरी रामकलीने उठून नळ बंद केला.