डावीकडचं बटण

ट्रकखाली आडवा पडलेला हारुन ओरडला, "मारा!"

वर केबिनमध्ये हौसेरावांनी पलीकडे वाकून बटण दाबलं. इंजिनाला पहिला झटका देणारा सेल्फ फिरला, इंजिन धडधडत सुरू झालं आणि सेल्फ निमूट सुटून बंद झाला. सकाळपासूनची ही अकरावी वेळ.

हारुन बाहेर आला. "सुटतोय की बरोबर. स्विच उघडून बघितला, स्प्रिंग बघितली. काय पण नाय."

"रस्त्यावर सुटत न्हाय," हौसेराव म्हणाले. "गाडी चालू झाली तरी किंचाळत ऱ्हातो. परवा वायर तापून धूर आला."

हारुनला ते ऐकून बरं वाटलं नाही. चार वर्षांपूर्वी, ब्याण्णव साली, या जुन्या ट्रकात दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन त्यानंच बसवलं होतं. चावीचा खटका तेव्हा निकामी झाला होता, म्हणून सेल्फला बटण लावायचं ठरलं. ते डॅशबोर्डच्या अगदी डाव्या टोकाला लावायला हौसेरावांनी सांगितलं होतं. ड्रायव्हरचा हात तिथे कसा पोचणार, असं हारुननं विचारल्यावर ते लाजले होते. "तिथं ती बसती. पोरी नांदायला गेल्या, आता घरी एकली काय करंल? गाडी तिच्या हातानं चालू हुंदे."

तेव्हापासून साताऱ्याहून तुर्भ्याच्या मार्केटला येणाऱ्या प्रत्येक फेरीत हौसेरावांची बायको, वेणूबाई, सोबत असायच्या.

दुपारी त्या घणसोलीच्या भाचीकडून परत आल्या. पदरानं घाम टिपत केबिनमध्ये चढल्या आणि आपल्या जागेवर बसल्या.

"वैनी, रोज मारता तसा मारा," खाली उभ्या हारुननं सांगितलं. वेणूबाई समोर बघत होत्या. हौसेरावांनी बोटानं बटण दाखवल्यावर त्यांनी ते दाबलं.

इंजिन लागलं. पण सेल्फ सुटेना. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा कर्कश आवाज आवारभर घुमला. पलीकडच्या ट्रकवरच्या हमालांनी माना वळवल्या.

"सोडा! वैनी, सोडा!"

वेणूबाई तशाच. अंगठा बटणावर घट्ट, नजर समोर. हौसेरावांनी हलकेच त्यांच्या मनगटाला हात लावला, तेव्हा कुठे त्यांनी अंगठा काढला. आवाज लगेच थांबला.

हारुननं हौसेरावांकडे पाहिलं. ते दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत होते.

"गाडीच जुनी हाय, हारुनभाई," ते म्हणाले. "हिचाच काहीतरी दोष आसंल."

हारुननं बराच वेळ फडक्याला हात पुसले. "हां," तो म्हणाला. "वायरिंगमधेच आहे. करतो मी."

त्यानं बटणाच्या शेजारी एक भोक पाडलं आणि बॅटरी चार्जिंगचा छोटा लाल दिवा तिथे आणून बसवला. इंजिन सुरू झालं की आपोआप विझणारा. मग वेणूबाईंच्या समोर येऊन, एकेक शब्द सुटा करत त्यानं समजावलं, "नवीन पद्धत आहे. दिवा विझला, की अंगठा काढायचा."

त्यांनी तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा सेल्फ वेळेवर सुटला. हौसेराव खूश होऊन माल भरायचा नंबर विचारायला गाळ्याकडे गेले.

हारुन हत्यारं गोळा करत होता. वेणूबाई खाली उतरल्या आणि त्याच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"खोट गाडीत नव्हती," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

हारुननं हातातला पाना खाली ठेवला.

"संक्रांतीपास्नं ऐकू कमी येतंय. आता तर इंजिन लागलेलं बी कळत न्हाय. त्यास्नी सांगू नगा, भाऊ. कळलं तर रस्त्यावर भ्या वाटंल म्हनून घरी ठेवत्याल मला. आन् एकट्यानं गाडी हाकताना त्यास्नी झोप येती."

हारुननं त्यांना दिसेल अशी मान हलवली.

तेवढ्यात हौसेराव परतले. नंबर लागला होता, घाई होती. पण त्यांनी लांबून हाक मारली नाही. अख्ख्या ट्रकला वळसा घालून ते वेणूबाईंच्या पुढ्यात येऊन थांबले, त्यांनी वर बघेपर्यंत वाट पाहिली आणि मगच, सावकाश ओठ हलवत म्हणाले,

"चल. निघू या."