नंदाबाईचा राग

ट्रकांची टायरं ट्यूबलेस झाली आणि शहागडच्या पोरांचं पोहणं अडलं. ऐकून हसू येईल, पण झालं ते असंच. महामार्गाच्या कडेला मुबारकचं पंक्चरचं दुकान. ट्रकच्या जुन्या ट्यूबा तो टाकून देत नसे. ठिगळं लावून, हवा भरून, रविवारी सकाळी तो त्या गोदावरीवर न्यायचा आणि गावातल्या पोराटोरांना त्यांच्या आधारानं पोहायला शिकवायचा. वाळू उपसून उपसून नदीत जागोजागी खड्डे पडलेत. गुडघाभर पाण्यातून चालता चालता माणूस कधी गडप होईल, नेम नाही. अशाच एका खड्ड्यात गावातल्या नंदाबाईचा मुलगा हरिओम बुडून गेला. त्यानंतर मुबारकनं हा उद्योग सुरू केला आणि त्याच्या बायकोनं, फरजानानं, त्याची रीतसर संस्था केली. नोंदणी, शिक्का, लेटरहेड, सगळं तिचं. मुबारकच्या ताब्यात फक्त नदी.

आता नव्या टायरांत ट्यूबच नसते. जुन्यांवर ठिगळावर ठिगळ चढलं. मागच्या रविवारी एक ट्यूब भर पाण्यात फुटली. पाणी कमरेएवढं होतं म्हणून निभावलं, पण मुबारक घरी आला तो तोंड बांधल्यासारखा. जेवताना एवढंच म्हणाला, "अब जॅकेटां आए तोच क्लास. नै तो बंद." मुबारकचा शब्द म्हणजे गंजलेला नट. एकदा बसला की हलायचा नाही, हे फरजानाला लग्नापासून माहीत होतं.

पोहण्याची जॅकेटं आणि दोर यांसाठी पुण्यातल्या एका फाउंडेशनकडे प्रस्ताव पाठवायचा होता, तोही इंग्रजीत. फरजाना बी.ए. झालेली, पण तिचं इंग्रजी भित्रं. चार माणसांत तोंड उघडायचं नाही. आधीचे तिचे प्रस्ताव एकजात परत आले होते. प्रस्ताव लिहिणं हे मुलगी दाखवण्यासारखं काम आहे. खोटं बोलायचं नसतं आणि खरं सगळं सांगायचं नसतं. फरजानाला नेमकं तेच जमत नव्हतं.

या वेळी भाचीनं तिच्या फोनवर एआय लावून दिलं. मराठीत सांग, इंग्रजीत घे. फरजानानं ट्यूबा सांगितल्या, खड्डे सांगितले, पोरं सांगितली. चुलीवरच्या चहाला उकळी यायच्या आत उद्दिष्टं, अपेक्षित परिणाम, जोखीम, सगळं ओळीनं मांडून तयार. ती हरखून गेली. मग त्यानं अदबीनं सुचवलं, की एखाद्या कुटुंबाचा अनुभव घातला तर प्रस्ताव जास्त परिणामकारक होईल. तिनं नंदाबाईविषयी चार ओळी टाकल्या. मुलगा खड्ड्यात गेला, आई आता दर रविवारी काठावर उभी राहते, एवढंच.

चार ओळींचं पान झालं. त्या पानातली आई तिन्हीसांजेला अनवाणी नदीकडे धावत सुटते. ती आजही रोज संध्याकाळी दारात दिवा लावून बसते आणि ताटात लेकराच्या वाटणीची पोळी काढून ठेवते. फरजाना वाचता वाचता रडली. मुबारकला वाचून दाखवलं, तर त्यानंही उगीच पान्हा हातात घेऊन पाठ फिरवली.

पण संस्थेचा एक नेम होता. ज्याचं नाव लिहायचं, त्याच्या कानावर ते आधी घालायचं. हा नेम नंदाबाईनंच घालून दिलेला. मागं एकानं तिचा फोटो काढून नेला, त्याखाली मनाला येईल ते छापलं, आणि पुढे किती दिवस बाजारात जो तो तिला विचारायचा, बाई, असं झालं का, तसं झालं का. प्रस्तावाची मुदत दुसऱ्या दिवशीची. या एका वेळेला नेम बाजूला ठेवावा, असं फरजानाच्या मनात येऊन गेलं. कोण वाचणार आहे शहागडात इंग्रजी? पण तिचे पाय नंदाबाईच्या घराकडेच वळले.

नंदाबाई अंगणात तूर पाखडत होती. फरजानानं ओसरीवर बसून पान मराठीत वाचून दाखवलं. वाचताना तिला पुन्हा रडू आलं. नंदाबाईचा मात्र सुपाचा ताल चुकला नाही.

"कुनी लिवलं?"

"मशीननं, नंदाताई."

"बराबर लिवलंय. पाठव."

"तुम्ही दिवा लावता का दारात?"

"लाइट हाय की." नंदाबाईनं सूप खाली ठेवलं. "आन् पोळी त्याला आवडायचीच न्हाई. भाकर खायचा."

"मंग पाठवू कसं?"

"पाठव गं. ती पानातली बाई रडून राह्यली, रडू दे तिला. जो येतो तो मला इचारतो, सांगा ना मावशी, कसं झालं. आता तीच सांगंल. माझं माझ्यापाशी ऱ्हाईल."

नंदाबाई सुपातले खडे निवडू लागली. मग विचारलेलं नसताना म्हणाली, "मी अनवाणी बी पळाले न्हाई. बाजारातून आल्ते, तर पोरगं घरात न्हाई. सैपाक केला, तरी पत्ता न्हाई. असा राग आल्ता मला. म्हणलं, येऊ दे, पाठीत एक धपाटाच घालते. नदीवर मानसं जमली म्हणून सांगाया आले, तवा बी मी रागातच गेल्ते." तिनं उजवा हात उलटा करून पाहिला. "त्यो धपाटा तसाच ऱ्हायला बघ हातात. हे लिऊ नको कुठं."

फरजाना घरी आली ती सुन्न होऊन. नंदाबाईनं परवानगी दिली होती, मुबारक वाट बघत होता, आणि बोट ठेवलं की काम होणार होतं. पण उद्या पुण्याचे लोक नदीवर आले, तर ते दिवेवाल्या बाईलाच शोधतील. मग नंदाबाईनं काय करायचं, त्यांच्यासाठी दारात पणती लावून बसायचं? आपल्याला रडू आलं ते नंदाताईसाठी नव्हतंच, कुठल्या तरी भलत्याच बाईसाठी होतं, हे कळून तिला स्वतःची लाज वाटली. तिनं ते पान काढून टाकलं. त्यामुळे प्रस्ताव कमकुवत होईल, असं फोननं बजावलं. "होऊ दे," ती मोठ्यानं म्हणाली आणि तसाच पाठवून दिला.

आठवड्यानं फाउंडेशनचं उत्तर आलं. प्रस्ताव आवडला आहे, फक्त एका कुटुंबाचा अनुभव जोडावा, तो रकाना मोकळा ठेवता येत नाही. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून जुनीच गोष्ट थोडी सौम्य करून घालावी, असं मुबारकनं सुचवलं. फरजानानं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो मुकाट्यानं दुकानात गेला. नंदाबाईच्या कानावर मात्र तिनं पुण्याचं उत्तर घातलं.

रविवारी क्लास काठाकाठानंच भरला होता. खोलात कुणाला सोडायचं नाही, मुबारकची सक्त ताकीद होती. नंदाबाई नेहमीच्या जागी उभी होती आणि डोकी मोजत होती. सुमित नावाचं एक पोरगं श्वास कोंडून पाण्याखाली बसायच्या नादाला लागलेलं. ते खाली गेलं आणि वर यायला त्यानं अंमळ उशीर केला. मुबारक दोन ढांगांत पोचला, पण त्याच्या आधी नंदाबाई लुगड्यासकट पाण्यात होती. तिनं पोराला दंडाला धरून काठावर आणलं आणि त्याच्या ओल्या पाठीत धपाटा घातला. आवाज पार घाटापर्यंत गेला. पोरगं आधी दचकलं, मग तिच्या अंगावरून निथळणारं पाणी बघून हसायला लागलं. नंदाबाईनं त्याला पोटाशी धरलं आणि ती रडली, कधी नव्हे ती, सगळ्यांदेखत.

रडणं सरल्यावर तिनं पदरानं आधी पोराचं डोकं पुसलं, मग स्वतःचं तोंड. फरजाना जवळ येऊन बसली होती.

"तुझ्या त्या मशीनला काय पायजे म्हणत होतीस?"

"राहू द्या, नंदाताई."

"लिव. नंदाबाई काठावर उभी ऱ्हाते. पोराला वर याया उशीर झाला, की तिला राग येतो. बस्स."

फरजानानं तेवढंच टाकलं आणि खाली लिहिलं, फक्त इंग्रजी कर, पदरचं काही घालू नको. एआयनं निमूटपणे दोन ओळींच्या दोन ओळी करून दिल्या. मजकूर अधिक हृदयस्पर्शी करून हवा आहे का, असं विचारायला मात्र ते विसरलं नाही. तिनं "नको" लिहिलं आणि त्या दोन ओळी पुण्याला पाठवल्या.

जॅकेटं दिवाळीनंतर आली, मागितली होती त्याहून थोडी कमी. मुबारकनं प्रत्येकाचा पट्टा ओढून ओढून तपासला. पोरांनी त्यांच्यावर झडप घातली. सुमितला मागचा पट्टा काही लावता येईना, तेव्हा तो तडक नंदाबाईकडे गेला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.