गॅलनला पंधरा मैल

लालासाहेबाची मोटार मला पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. लालासाहेब आमच्या भावकीतला, माझ्याच वयाचा. लढाईत गुळाला भाव आला आणि ह्याच्या डोक्यात हवा गेली. सांगलीकडच्या कुणा सरदाराच्या मुलानं शर्यतीसाठी विलायतेहून मागवलेली, पंधरा वर्षं पळवून पळवून खिळखिळी केलेली गाडी ह्यानं घरी आणून बांधली. बांधली म्हणजे खरोखरच गोठ्यात, बैलांच्या शेजारी. लांबलचक नाक, त्यावर चामड्याचा पट्टा, आत आठ सिलिंडर, आणि धुराचा नळ गाडीच्या बाहेरून काढलेला. ती सुरू केली की गोठ्यातली जनावरं दावी तोडायला बघायची.

पेट्रोल तेव्हा कुपनावर मिळायचं, तेही मोजकंच. त्यामुळे मोटार बहुतेक दिवस नुसती उभी असे आणि लालासाहेब तिच्याविषयी बोलत असे. ताशी शंभर मैल जाते म्हणायचा. आमच्या रस्त्यावरून ताशी दहा मैलांनी गेलेला माणूससुद्धा हाडं मोजत उतरतो, मग ही शंभरानं कुठं जाणार, असं मी विचारलं की रागवायचा. गॅलनला पंधरा मैल देते, हे त्याचं दुसरं वाक्य. विकणाऱ्यानं त्याला तसं सांगितलं होतं आणि त्याचा ड्रायव्हर इलियासही तेच सांगे. इलियास रहिमतपूरचा, सरळ माणूस, पण मोटारीवर त्याचा इतका जीव की तिच्याविषयी वाईट काही त्याच्या कानात शिरतच नसे. ते पंधरा मैल कुणी मोजून मात्र बघितले नव्हते.

चव्वेचाळीस सालच्या वैशाखात माझ्या धाकट्या भावाचं, गुंडाचं लग्न ठरलं. गुंडा पलटणीत नाईक होता. मुलगी शिराळ्याकडची, शालू नावाची. वडीलमाणसांनी बघून पसंत केलेली. गुंडानं तिला पाहिलं नव्हतं आणि तिनं त्याला. महिन्याच्या रजेवर तो आला, हळद लागायची होती, तेवढ्यात तार आली. रजा रद्द, ताबडतोब बेळगावला हजर व्हा. पलटण जहाजावर चढणार होती. मुहूर्त सकाळचा होता आणि रहिमतपूर स्टेशनावरून बेळगावची गाडी दुपारी साडेतीनची. तेव्हा असं ठरलं की लग्न आमच्याच दारात लावायचं आणि नवरदेवानं मांडवातूनच निघायचं.

ती गाडी चुकली तर काय होईल हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. शेजारच्या गावचा एक जवान असाच रजेवर राहून गेला होता. त्याच्या दारात फौजदार आला, बेड्या घालून त्याला भर बाजारातून नेला, आणि त्याची आई अजून पाणवठ्यावर मान वर करत नव्हती. जहाज सुटताना जो हजर नाही तो भगोडा. आमची आत्या हरणाबाई, जिनं आईमागं आम्हा दोघांना वाढवलं, ती तार आल्यापासून तोच एक शब्द तोंडात धरून बसली होती.

आमचं गाव स्टेशनापासून नऊ मैल. मी म्हटलं, बैलगाडी जुंपून ठेवतो. गुंडा म्हणाला, दुपारी फाट्यावरून कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार जाते, तिनं जाईन. पण लालासाहेब पुढं सरसावला. कुपनं साठवून त्यानं तीन गॅलन पेट्रोल आणलं होतं. परण्या माझ्या मोटारीतून निघणार आणि नवरदेव स्टेशनावर माझ्याच मोटारीतून जाणार, असं त्यानं जाहीर करून टाकलं. तीन गॅलन म्हणजे पंचेचाळीस मैल, स्टेशनाला जाऊन येऊन अठरा. मला हिशेबात खोट दिसली नाही. गावात फिरायला किती लागेल असं मी विचारलं, तर तो हसला. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत दोन फर्लांग, त्याला काय लागतंय, म्हणाला. मलाही ते पटलं. जितकं चालणं तितकी दमणूक, हे आम्ही जन्मभर बैलांवरून शिकलेलो होतो.

लग्नाच्या दिवशी परण्या निघाला. परण्या म्हणजे नवरदेवाला मारुतीच्या पाया पाडून मांडवात आणायची मिरवणूक. एरवी घोडा असतो. त्या दिवशी मोटारीला केळीचे खुंट बांधले, नाकावर नारळ फोडला, आणि चौघांनी हँडल मारून मारून एकदाची ती पेटवली. गुंडा मागं उंचावर बसला. पुढं लेझीम, हलगी, दांडपट्टा. दर चार घरांवर बाया पंचारती घेऊन पुढं यायच्या आणि मिरवणूक थांबायची. पहिल्याच ठिकाणी इलियास मोटार बंद करायला लागला तर हरणाबाईनं त्याचा हात धरला. नवरदेव वर बसला की घोड्याला बसू द्यायचं नसतं, त्याचा लगाम सोडायचा नसतो, ही आमची रीत. आत्यानं ती मोटारीला लावली.

"नवरदेव वर हाय तवर हिला गप करायची न्हाई," ती म्हणाली. "अपशकून हुईल."

इलियासला कुठं नको होतं? बंद पडू नये म्हणून, आणि पोरांनी टाळ्या पिटाव्यात म्हणूनही, तो मधूनमधून पाय दाबून तिला डरकाळी फोडायला लावायचा. मोटार जागच्या जागी थरथरत उभी, धूर सोडत, नाकातून वाफ काढत. लेझीमवाल्यांना चेव आलेला. दोन फर्लांगांना आम्हाला तीन तास लागले. घड्याळाकडं बघून गुंडाचा जीव वरखाली होत होता आणि लालासाहेबाची छाती फुगत होती. त्या तीन तासांत मोटार काय पीत होती याचा विचार त्या अख्ख्या गावात एकाच्याही मनात आला नाही.

अक्षता पडल्या. पुढचं सगळं घाईघाईनं उरकलं. घास भरवायचे, नावं घ्यायची राहूनच गेली. नवरानवरी पाटावर शेजारी बसली होती, पण हलगीच्या गदारोळात एक शब्द बोलायला मिळाला नाही. जेवणं चालू असताना सर्व्हिस मोटार फाट्यावरून जायची वेळ झाली. गुंडा अर्ध्या ताटावरून उठायला लागला, तर लालासाहेबाचं तोंड उतरलं. माझी मोटार दारात असताना तू कोळशाच्या डब्यातनं जाणार व्हय, असं तो दुखावून म्हणाला. गुंडा भिडेखातर परत बसला.

आम्ही निघालो. पुढं इलियास आणि लालासाहेब, मागं गुंडा, मी, हरणाबाई आणि कोपऱ्यात पदराचं गाठोडं होऊन बसलेली शालू. नवरीनं खरं तर निरोप देऊन शिवेवर उतरायचं, पण लालासाहेबाला औदार्याचं भरतं आलं होतं; यिऊ दे तिलाबी स्टेशनावर, म्हणाला. गुंडाची पत्र्याची ट्रंक आणि वळकटी आमच्या पायांत. चढावर मोटारीनं जो जोर काढला तो बघून, खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. धुराच्या नळाच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं, पण सहा मैल कसे गेले कळलं नाही.

मग ती खोकली. एकदा, दोनदा. एक हिसका दिला आणि उतार नसलेल्या सपाट रस्त्यावर शांत झाली.

इलियासनं नाक उघडून बघितलं. मग मागं जाऊन टाकीचं झाकण काढलं आणि बाभळीची काडी आत घातली. काडी कोरडी आली. त्यानं ती उलटी करून घातली, तरी कोरडी. त्यानं लांब काडी तोडून आणली, टाकीच्या तळाला लागल्याचा आवाज मला ऐकू आला, आणि तीही कोरडी आली. तिला नुसता वास होता.

"तीन ग्यालन वतलं हुतं," इलियास म्हणाला. "माज्या हातानं वतलं हुतं."

नऊ मैलांच्या वाटेसाठी पंचेचाळीस मैलांचं पेट्रोल, आणि सहाव्या मैलाला टाकी खडखडीत. टाकी फुटली असेल म्हणून इलियास रस्त्यावर आडवा होऊन खालून बघत होता. खाली एक थेंब ओला नव्हता. लालासाहेब रस्त्याच्या मधोमध उभा राहून पंधरा मैल, पंधरा मैल असं पुटपुटत होता. हरणाबाईनं कपाळावर हात मारून घेतला, आणि तिच्या तोंडून तोच शब्द आला: भगोडा. गुंडा पांढराफटक पडला होता. मला लालासाहेबाची मानगूट धरावीशी वाटत होती, आणि मी धरलीही असती. रस्त्यावर ना गाडी, ना बैल, ना माणूस. वैशाखातलं ऊन. तीन मैल बाकी, आणि आम्ही पाच जण एका कोरड्या काडीकडं बघत उभे.

तेवढ्यात मोटारीचं दार वाजलं. शालू खाली उतरली होती. तिनं पदर कमरेला खोचला, वळकटी ओढून काढली आणि एका झटक्यात डोक्यावर घेतली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "ह्यांची गाडी चुकंल. आमी चालतो."

आणि ती चालायला लागली. आमच्याकडं नवी नवरी थोरल्या दिरासमोर मान वर करत नाही, बोलणं तर सोडाच. ही हळदीच्या अंगानं, बाशिंगाची दोरी अजून केसांत, भर रस्त्यानं निघाली होती. हरणाबाईचा आ वासला तो वासलेलाच राहिला. गुंडानं एकदा माझ्याकडं बघितलं, घाईनं आत्याच्या पाया पडला, ट्रंक खांद्यावर टाकली आणि तिच्यामागं पळाला.

मीही निघालो, पण ती दोघं तरुण. उसाच्या मोळ्या वाहिलेल्या मानेवर वळकटीचं ओझं ते काय. बघता बघता ती पुढं गेली. मधे बरंच अंतर पडलं. पळत, मधेच चालत, परत पळत चालली होती, अगदी बरोबरीनं. आणि मी बघितलं की ती दोघं बोलत होती. गुंडा हात हलवून काहीतरी सांगत होता. ती एकदा थांबून हसलीसुद्धा. मला त्या उन्हात थंडी वाजल्यासारखं झालं. घराण्याची अब्रू रस्त्यावरून पळत चालली आहे असंच मला वाटलं, आणि तरी मनात तिला म्हणत होतो, बाई, थांबू नकोस.

मी स्टेशनात पोचलो तेव्हा गाडी लांब वळणावर गेली होती. फलाटावर शालू एकटी उभी होती. मला बघताच तिनं पदर पुढं ओढला आणि गाडीच्या दिशेनं हात केला. गुंडा गेला होता, वेळेवर गेला होता. मी तिथंच बाकावर बसलो आणि रडलो.

मोटार दोन बैल लावून परत आणली. इलियासनं नंतर भावकीतल्या सगळ्यांदेखत पाव गॅलन घालून ती चालवून बघितली. रस्त्यावर ती गॅलनला जेमतेम सात मैल देत होती, आणि जागेवर नुसती उभी राहून तासाला जवळजवळ पाऊण गॅलन पीत होती. लालासाहेबाला ते दिसलं आणि तो उठून घरी गेला. पुढं किती दिवस तो आमच्या दारावरून जाताना मान खाली घालायचा. शालूशी तर तो नजरच मिळवेना.

दिवाळीनंतर तार आली. गुंडा इटलीत पडला होता. त्याला मूठमाती कुणी दिली, कुठं दिली, काही कळलं नाही. हरणाबाई भिंतीला टेकून बसली ती दोन दिवस हलली नाही. शालू चुलीपुढं बसून असायची. चूल पेटलेली नसायची तरी बसायची.

लालासाहेब समाचाराला आला. सोप्यात बसला आणि टोपी चाळवत राहिला. मग आतल्या दाराकडं तोंड करून बोलायला लागला आणि बोलता बोलता त्याचा बांध फुटला.

"पोरी, माज्या मोटारीनं घात केला. लगीन झाल्या दिशी तुला उनातानात तीन मैल पळाया लावलं. सुखानं निरोप बी घिऊ दिला न्हाई. मला माफ कर."

मग शालू दाराशी आली. पदराआड होती, पण तिचा आवाज स्पष्ट होता.

"आवं भावजी, असं म्हनू नगा. मोटार पोचली असती, तर त्येंचा आवाज कसा हुता, ते बी मला कवा कळलं नसतं."