इंग्रजीचा तास

माझं नाव रत्नम्मा. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यातली एकवीस शिरूर अनंतपाळला. मराठी, गणित, परिसर, कवायत, सगळं शिकवलं. पोरांना माझा धाक होता आणि तो मला आवडायचा. फक्त इंग्रजीचा तास आला की मला काहीतरी तातडीचं काम निघायचं. कधी खिचडीचं बघायचं, कधी हजेरीचा तक्ता. तो तास मी कायम दुसऱ्याच्या गळ्यात मारला आणि स्वतः दाराबाहेर उभी राहिले. ही लाज कुणाला सांगितली नाही. निवृत्त होऊन लातूरला राहायला आले, तेव्हा तीही सोबत आली.

लातुरात शिकवणीला काय तोटा? गल्लोगल्ली क्लास आणि भिंतीभिंतीवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. म्हणूनच गंजगोलाईच्या मागे एका दुकानाच्या माडीवर 'मोफत इंग्रजी वर्ग' अशी पाटी लागली, तेव्हा लोकांच्या भुवया चढल्या. लातुरात कुणी फुकट शिकवतं होय? शिकवणारे दोघं एकोणीस-वीस वर्षांचे. पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळा बिल्ला. एक काकीनाड्याचा राव, दुसरा कोइमतूरचा सॅम्युअल. मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाचे प्रचारक. बिल्ल्यावर नावाआधी 'एल्डर' लिहिलेलं, म्हणजे वडीलधारे. अजून मिसरूड धड फुटलेली नाही आणि म्हणे वडीलधारे!

मग काय, जिभांना हाडं नव्हतीच. 'आधी एबीसीडी शिकवतात, मग लिंगायतांच्या गळ्यातलं लिंग काढायला लावतात.' 'पाण्यात काहीतरी घालतात.' सगळ्यात मोठा पुरावा मात्र चहाचा. कुणाच्याही घरी गेले तरी ही पोरं चहाला हात जोडून नाही म्हणत. आपल्याकडे चहा नाकारणारा माणूस एक तर भांडून आलेला असतो, नाहीतर मनात काही धरून आलेला.

मी मात्र वर्गात नाव घातलं आणि पहिल्या दिवशी मुद्दाम चहाचा थर्मास भरून गेले. राव मोडक्या हिंदीत म्हणाला, "अम्मा, आमच्या धर्मात चहा घेत नाहीत." मला ते लगेच पटलं. मी स्वतः लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाही आणि त्यावरून लग्नघरात बोलणीही खाल्ली आहेत. नेम म्हणजे नेम.

खरी अडचण वेगळीच होती. मला फुकटचं पचत नाही. आम्हा लिंगायतांत कायक मोठं मानतात, आधी कष्ट आणि मग ताट. फी घ्या म्हटलं तर दोघं घेईनात. तेव्हा मीच सांगून टाकलं, "एक तास तुम्ही मला इंग्रजी शिकवायचं, पुढचा तास मी तुम्हाला मराठी. जमत नसेल तर उद्यापासून येणार नाही."

त्यांना जमवावंच लागलं. चार महिने मी विशीतल्या पोरींच्या शेजारी बाकावर बसून 'आय अ‍ॅम, यू आर' घोकलं. चुकले की राव हसून म्हणायचा, "व्हेरी गुड, अगेन." माझ्या तासाला तसलं काही नव्हतं. 'ती मुलगा' म्हटलं की मी टेबलावर पट्टी आपटायची. एकदा सॅम्युअलनं रविवारच्या प्रार्थनेला बोलावलं. मी म्हटलं, रविवारी मठात माझा वर्ग असतो, तूच ये. तो विषय तिथेच मिटला.

मठातला हा वर्ग म्हणजे माझा जीव. दर रविवारी सकाळी चाळीस पोरं येतात. लिंगायत संतांची वचनं म्हणतो, पाढे म्हणतो, गोष्टी सांगतो. ती पोरं नसती तर निवृत्तीनंतर मी घरातल्या भिंतींना पाढे विचारत बसले असते.

आणि नेमका तोच वर्ग पणाला लागला. मठाच्या विश्वस्तांचे अध्यक्ष बसलिंगप्पा अण्णा, तुरीचे मोठे आडते. त्यांचा निरोप आला, रविवारी वर्ग सुटल्यावर थांबा. थांबले. पाच विश्वस्त, पोरांचे आईबाप आणि अण्णांचा पुतण्या महांतेश, असे सगळे सतरंजीवर बसलेले. महांतेशचा स्वतःचा इंग्रजीचा क्लास आहे, आणि तो काही मोफत नाही. राव आणि सॅम्युअललाही बोलावलं होतं. दोघं बूट बाहेर काढून दाराशी उभे होते.

अण्णा म्हणाले, "बाई, तुमचा मान हाय. पन लोक बोलायलेत. ह्या पोरांकडं जायचं बंद करा, न्हाईतर मठातला वर्ग दुसऱ्याला द्यावा लागंल."

"आन् आधी गळ्यातलं लिंग दाखवा," महांतेश मध्येच बोलला. "हाय का न्हाई ते समद्यांना कळू द्या."

माझी कानशिलं तापली. "महांतेश, लिंग पूजेला तळहातावर घेतात, चौकशीला न्हाई. वर्ग काढून घ्यायचा तर घ्या. मी कायबी दाखवनार न्हाई, आन् शिकायचंबी सोडनार न्हाई."

बोलून गेले आणि मान वळवली. खिडकीच्या गजांतून माझी पोरं आत डोकावत होती. पुढच्या रविवारी ती माझी नसणार, एवढंच मला दिसत होतं.

महांतेश त्या दोघांकडे वळला आणि त्यानं फर्ड्या इंग्रजीत काहीतरी विचारलं. तो बोलायचा थांबल्यावर राव अण्णांकडे बघून हात जोडून म्हणाला, "अण्णा, हे इचारायलेत, बाईंकडून काय घेतलं म्हनून. मराठी घेतली."

अण्णा पुढे सरकले. "तुला मराठी येती व्हय?"

"हाव. बाईंनीच शिकवलं. लई कडक हायत. चुकलं की ईस डाव लिवायला लावतात."

मी त्यांना शुद्ध मराठी शिकवली होती हो! पण रागावले की माझ्या तोंडून शिरूरची बोली निघते, आणि त्या वर्गात मी बराच वेळ रागावलेलीच असे. पोरांनी नेमकी तीच उचलली.

अण्णांनी खडा सवाल टाकला, "तुमच्या देवाचं बाईंना सांगितलं का न्हाई?"

सॅम्युअलनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, खरं सांग म्हणून.

"सांगितलं, अण्णा. एकडाव." सगळे सावरून बसले. "बाई म्हनल्या, तुझा देव तुझ्यापाशी, माझा माझ्या गळ्यात. आता गपगुमान शुद्धलेखन लिही."

मागच्या रांगेत नातवासोबत आलेल्या उमादेवी आजी आधी हसल्या. मग सगळा मठ हसला. अण्णांचं पोट हलायला लागलं. चौतीस वर्षांत माझ्या हाताखालून कितीतरी पोरं गेली, कुणी डॉक्टर झाली, कुणी फौजदार. पण त्या दाराशी मोज्यांवर उभ्या असलेल्या दोघांचा वाटला तेवढा अभिमान मला कुणाचाच वाटला नव्हता.

अण्णांनी चहा मागवला. दोघांनी हात जोडले आणि अण्णांच्या कपाळाला पुन्हा आठी पडली.

मी म्हटलं, "अण्णा, लिंगपूजा झाल्याबिगर तुमी पानी पिता का?"

"न्हाई."

"मग त्यांचाबी नेम हाय."

अण्णांनी क्षणभर त्या दोघांकडे पाहिलं आणि आत हाक मारली, "दूध आना रे दोघांना! साखर जादा टाका." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वर्ग तुमचाच, बाई."

महांतेश मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. मीही एवढ्यावर सोडणारी नव्हते. "एक अट हाय, अण्णा. रविवारच्या वर्गात आता इंग्रजीचाबी तास. आन् तो मीच घेनार."

पुढच्या रविवारी मी फळ्यासमोर उभी राहिले. तास ढकलायला शेजारच्या वर्गावर कुणी बाई नव्हती, गुरुजी नव्हते. मी पदराआडून गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि मोठ्या अक्षरांत एक वाक्य लिहिलं. मग ते वाचलं, "माय नेम इज रत्नम्मा. आता तुम्ही म्हणा."

रत्नम्माच्या जागी ज्यानं त्यानं आपलं नाव घालायचं, हे सांगायचं मी विसरलेच. चाळीस पोरं एका आवाजात ओरडली, "माय नेम इज रत्नम्मा!"

चूक माझीच होती. लगेच दुरुस्त करायला हवी होती. माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी फळ्याकडे तोंड केलं आणि म्हटलं, "व्हेरी गुड. अगेन."